पाचवा रकाना : ॲसिड

२ फेब्रुवारी, रविवार. अकोला.

ही वही रागिणी मॅडमनी दिली. त्या अमरावतीच्या कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवतात. मागच्या महिन्यात दुकानात आल्या, काचेच्या कपाटातल्या माझ्या गारगोट्या तासभर पाहत बसल्या आणि शेवटी विचारलं, "काका, हा कुठल्या विहिरीतला?"

मी म्हटलं, "परतवाड्याकडचा."

"कुठल्या शेतातला? किती फुटांवरचा?"

आता सांगा, चाळीस वर्षं विहिरी फोडून राहिलो, कोणकोणत्या दगडाची जन्मवेळ लिहून ठेवू? पण त्या म्हणाल्या, "जन्मगाव माहीत नसलेला दगड म्हणजे नुसती शोभा, काका." ते मनाला लागलं. दुसऱ्या खेपेला त्या ही वही घेऊनच आल्या. एका दगडाला एक पान, पानावर पाच रकाने त्यांनीच आखलेले : रंग, चमक, कठीणपणा, वजन, ॲसिड.

वही दोनशे पानांची. एवढे दगड या जन्मात निघायचे नाहीत. म्हणून मागच्या बाजूने मी माझं लिहायला घेतलं. मॅडमनी पुढून वाचावं, मागून वाचू नये.

आज विशेष काही नाही. मैनाने नवीन कुकर आणला आहे, तो शिटीच देत नाही. मी बाजूलाच पेपर वाचत बसलो होतो आणि डाळ करपली. बोलणी मला बसली. वस्तू कंपनीने बिघडवायची, ऐकायचं नवऱ्याने.

६ फेब्रुवारी, गुरुवार. परतवाडा.

बेबीताईंच्या विहिरीचं काम सुरू झालं. संत्र्याची बाग, मधल्या पट्ट्यात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. विहीर एकतीस फुटांची आहे, दहा फूट खाली न्यायची. बाई एकट्या सगळं पाहतात. वजनदार आवाजाच्या, दहा शब्दांत व्यवहार संपवणाऱ्या. माझं त्यांच्याशी लगेच जमलं.

संघपाल माझ्याबरोबर अठरा वर्षांपासून आहे. भोकं तोच मारतो, सुरुंग तोच भरतो. पूर्वी बत्ती द्यायच्या आधी तो शिटी फुंकायचा. मागच्या वर्षापासून त्याने पद्धत बदलली. वर येतो, सरळ माझ्यासमोर उभा राहतो, लाल फडकं हलवतो आणि मी मान डोलावल्याशिवाय तिथून हलत नाही.

मी विचारलं होतं, "शिटी हरवली काय रे?"

म्हणाला, "फडकं बरं दिसते, भाऊ. शिस्त वाटते."

माणूस वयानुसार सुधारतो. चांगलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. परतवाडा.

आज लिहिण्यासारखं आहे.

सदतीस फुटांवर उत्तरेच्या बाजूला मी हातोडीने ठोकत होतो. ही माझी सवय. चौदाव्या वर्षी अकोल्याच्या गफूर उस्तादांकडे मलबा वाहायला लागलो, तेव्हापासूनची. भरीव काळा दगड टणटण वाजतो. मागे पोकळी असली की ढब्ब. इतर लोक सुरुंग लावून पोकळीचा भुगा करतात, मी ऐकून थांबतो. घर, तीन कॉम्प्रेसर आणि दुकान मी या दोन कानांवर उभं केलं. हल्ली एवढंच की टणटण पहिल्यासारखी खणखणीत येत नाही. या भागातला दगडच मऊ लागून राहिला असेल. ढब्ब मात्र आजही छातीत वाजतो.

आज वाजला. संघपालला थांबवलं. छिन्नीने दोन तास उकरलं. आत परातीएवढी पोकळी, आणि पोकळीत पांढऱ्या सुयांचे गुच्छ. हलकी हिरवट झाक. बॅटरी मारली तर सुया अशा चमकल्या की संघपाल छिन्नी खाली ठेवून पुढे वाकला.

काढताना त्याचे दोन तुकडे झाले. एक नारळाएवढा, एक लिंबाएवढा. वर आलो तर बेबीताई उभ्याच.

"काय निघालं हो, वामनराव?"

"गारगोटी हाय, ताई. सुईवाली."

"माह्या विहिरीतली हाय ना? मंग एक मले." लिंबाएवढा त्यांनी उचलला. "पाणी लागाच्या आधी हेच लागलं. देवापाशी ठेवतो."

मी म्हटलं, "ठेवा." मोठा माझ्याकडेच होता.

येताना एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याला पोकळीची सगळी हकीकत सांगितली. पुढच्या चार सीटांवरचे लोकही माना वळवून ऐकत होते. लोकांना दगडांची आवड नाही म्हणतात, ते खोटं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. अकोला.

पुढचं पान भरलं. रंग : पांढरा, हिरवट झाक, तळाला गंजाचा तपकिरी डाग. चमक : काचेसारखी. कठीणपणा : चाकूने ओरखडा उठतो, नखाने नाही. वजन : इथे मी अडलो. सुईवाली गारगोटी आकाराच्या मानाने हलकी असते, हा दगड हाताला ओढतो. भाजीच्या काट्यावर तेवढ्याच आकाराची दुसरी ठेवून पाहिली. हा बराच भारी. "जड" असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मॅडमना फोन केला. नवीन फोनही भिकारच निघाला. बायकांचा आवाज तर त्यात अगदी गिळून टाकल्यासारखा येतो. शेवटी मैनाने फोन घेतला. बराच वेळ बोलली. एवढं काय बोलत होत्या कुणास ठाऊक. फोन ठेवून माझ्यापुढे बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मॅडम पोरं घेऊन लोणारले चालल्या. तेवीस तारखेले येतो म्हणे. जड हाय हे आयकून लय खूष झाल्या. तवरक दगडाले हात लावू नका म्हणे. धुवू नका, पुसू नका."

"काहून?"

"वेगळा असू शकते म्हणे. आपल्याकडं कोणाले सापडला नाई असा. तसा निघाला तर कॉलेजच्या कपाटात ठेवतीन आन् खाली तुमचं नाव लिहितीन."

माझं नाव. कॉलेजात. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. संध्याकाळभर दगड समोर ठेवून बसलो. तो गंजाचा डाग डोळ्यात सलत होता. कपाटात नाव लागायचं आणि वर असा मळका दगड?

१५ फेब्रुवारी, शनिवार. अकोला.

मॅडमनी धुवू नका म्हटलं होतं. धुतला नाही. फक्त गंज काढला.

आधी रीतीप्रमाणे परीक्षा घेतली. उस्तादांची शिकवण अशी : ॲसिडचा वास डोळ्याला खातो, म्हणून दगडावर थेंब टाकायचा आणि तोंड फिरवून कान लावायचा. "आँख बचा, कान लगा." फसफसला तर तो दगड बोलका. बोलका म्हणजे कॅल्साइटच्या घरचा, चुन्याचा नातेवाईक. त्याला ॲसिडमध्ये ठेवायचं नाही, विरघळतो. गप्प राहिला तर मुका. मुक्याला पाण्यात पातळ केलेल्या ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवला तर गंज सुटतो. चाळीस वर्षांत या परीक्षेने मला फसवलं नाही.

चष्मा काढला, नाकाला दुपट्टा बांधला, थेंब टाकला, मान फिरवून कान लावला. काही नाही. दुसरा थेंब. काही नाही. मुका.

वजन एक सांगत होतं, कान दुसरं. मी कानाचं ऐकलं. पाचव्या रकान्यात लिहिलं : मुका.

काळ्या टबात बुडवला, वरून पोतं टाकलं. सकाळचे दहा वाजले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार.

काल पुढचं लिहवलं नाही.

एक वाजता पोतं काढलं. सुया नव्हत्या. काळ्या दगडाचं टक्कल राहिलं आणि त्यावर चुना पुसल्यासारखा पांढरा डाग. गंज मात्र स्वच्छ निघाला.

मैना मागे येऊन उभी राहिली. पाहिलं. तशीच आत गेली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

ॲसिड खराब असेल, असं आधी मनात आलं. मग असं आलं की दगडच लबाड. बोलका असून गप्प राहिला. असाही दगड असू शकतो. उस्ताद असते तर विचारलं असतं. नाव लागायचं राहू दे. पण त्या पोरीने विश्वासाने सांगितलं होतं, हात लावू नका.

टबातलं पाणी फेकायला नेलं आणि तसंच परत आणून ठेवलं. फेकवलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. परतवाडा.

विहिरीवर पोचलो. संघपालने फडकं हलवलं, मी मान डोलावली, बार उडाला. मग त्याला दगडाचं सांगितलं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "त्या वक्ती वैनी घरी नव्हत्या काय?"

"होती ना. आत होती. तिचा काय संबंध?"

"नाई, असंच," म्हणाला आणि भोकं मारायला उतरला.

दुपारी बेबीताईंकडे गेलो. मॅडमसाठी लिंबाएवढा तुकडा मागायचा म्हणजे लाज वाटत होती. देवघरात तो हळद-कुंकू लावून बसवलेला. सगळं खरं सांगितलं. बाईंनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, "म्हंजे तुमी तुमच्या वाट्याचा विरघळवला, आन् आता माह्या वाट्याचा पायजे?"

"हो, ताई."

"इमानदार तरी हाय." हसल्या. माझंही हसू निघालं. "न्या. पन दोन गोष्टी. एक, माह्या विहिरीचं नाव लागलं पायजे. दोन, याले आंघोळ घालू नका."

"नाव मॅडमले सांगतो. आंघोळ नाही घालत."

"कुंकू बी तसंच राहू द्या. मॅडम पुसतीन त्यायच्या हातानं."

दगड खोबऱ्याच्या वाटीत ठेवून दिला मला, कापूस घालून. माझ्या हातात देताना सोडायला क्षणभर उशीर लावला त्यांनी.

२३ फेब्रुवारी, रविवार. अकोला.

मॅडम दहाच्या गाडीने आल्या. मी रिक्षाने स्टँडवरून आणलं आणि रस्त्यातच सगळं सांगून टाकलं. ओझं घरापर्यंत न्यायचं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला, पण दोनच मिनिटं. मग विचारलं, "टबातलं पाणी फेकलं का?"

"नाही."

"काका!" अशा काही खूष झाल्या की मला समजेना, ही पोरगी दगडासाठी आली की पाण्यासाठी. माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाल्या, "दगड गेला नाही, काका. तो पाण्यात आहे."

स्वयंपाकघरात गॅस पेटवला. पिशवीतून एक तार काढली, घासली. आधी दुकानातल्या साध्या कॅल्साइटचं ॲसिड-पाणी तारेला लावून जाळावर धरलं. जाळ विटकरी नारिंगी झाला. "हा चुना," म्हणाल्या. मग तार साफ केली, टबात बुडवली, जाळावर धरली.

लाल. विटकरी नाही, डाळिंबाचा दाणा उजेडात धरावा तसा लाल. सगळी ओट्यामागची फरशी त्याने रंगली.

मैना म्हणाली, "अवो, हा तर दिवाळीच्या रंगीत काडेपेटीतला लाल!"

"तोच, काकू. फटाक्यातला लाल याच धातूचा. स्ट्रॉन्शियम."

मग ओट्यावर बसूनच त्यांनी मला कार्बोनेटचं घराणं समजावून सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. या सगळ्यांच्या पोटात कार्बन आणि ऑक्सिजनची तीच जोडी असते, म्हणून ॲसिडमध्ये वायू सुटतो. पण कुळं वेगवेगळी. एक कॅल्साइटचं, एक डोलोमाइटचं, एक ॲरागोनाइटचं. धातूचे अणू लहान असले तर ते कॅल्साइटच्या घरात मांडून बसतात. मोठे असले तर तिथे मावत नाहीत. त्यांना ॲरागोनाइटच्या घराची ऐसपैस बैठक लागते. स्ट्रॉन्शियम मोठा. म्हणून हा ॲरागोनाइटच्या कुळातला, आणि म्हणूनच अंगाने जड. नाव स्ट्रॉन्शियनाइट. परदेशात कुठल्याशा डोंगरातल्या गावावरून पडलेलं.

"गावाचं नाव दगडाले?" मैनाने विचारलं.

"हो. जन्मगाव लिहिलेलं होतं ना त्यांच्याकडे," असं म्हणून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा मी ओळखला. तेवढं कळतं.

मी म्हटलं, "सगळं मान्य. पण मग हा मुका काहून?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

मॅडमनी बेबीताईंच्या तुकड्यातून भाताच्या शितापेक्षा लहान एक कण काढला. काचेच्या नळीत टाकला, वर ॲसिडचे चार थेंब. नळी माझ्या हातात दिली. "पाहा, काका. आज तोंड फिरवू नका, चष्मा असू द्या."

पाहिलं. कणाभोवती बुडबुडे उसळत होते, भराभर, दूध उतू जाताना कडेला येतात तसे.

"आता कानाशी धरा."

धरली. बोटांना नळीची बारीक थरथर लागत होती. आणि कानात काही नाही. दुसऱ्या कानाशी धरली. काही नाही. मी म्हटलं, "दिसते, पण आवाज नाही. असाही प्रकार असतो काय याच्यात?"

मैना ओट्याच्या त्या टोकाला, चार हातांवर भाकरीचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"येते ना आवाज," म्हणाली. "मघापासून येऊन राहिला. कढईत मोहरी टाकली का कशी चुरचुरते, तसा."

माझ्या हातातली नळी मी शेवटपर्यंत धरून बसलो. कण विरघळला. बुडबुडे थांबले.

मग मी विचारलं, "कुकर शिटी देते काय?"

"देते."

"कधीपासून?"

"आणला तवापासून."

"आन् आंगणातल्या चिमण्या?"

आता तिने वर पाहिलं. "सकाळपासून कलकलाट हाय. तुमाले सांगितलं असतं, पन तुमी मलेच वेडी ठरवलं असतं."

मॅडम म्हणाल्या, "काका, कॉम्प्रेसरजवळ इतकी वर्षं काढलेल्यांचं असंच होतं. आधी बारीक आवाज जातात. जाड आवाज राहतात. म्हणून तर तुम्हाला पोकळी सापडली आणि फसफस नाही सापडली. कान गेलेत असं नाही. वरचा मजला बंद आहे."

वरचा मजला. पोरगी शिकवायची रीत जाणते.

जेवताना कोणी तो विषय काढला नाही. मी एकदाच विचारलं, "संघपालले ठाऊक होतं?"

मैना म्हणाली, "त्यानंच तर मले सांगितलं. मागल्या वर्षी. तुमी शिटी झाल्यावर बी विहिरीच्या कठड्याकडं चालत गेलते म्हणे."

मला ते आठवत नाही. म्हणजे शिटी झाली हेच मला माहीत नाही, तर आठवणार काय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. परतवाडा.

संघपाल वर आला, समोर उभा राहिला, फडकं हलवलं. मी मान डोलावली. मग म्हटलं, "फडकं बरं दिसते."

त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. "शिस्त वाटते, भाऊ," म्हणाला आणि बत्ती द्यायला गेला.

यापुढे काही बोलायचं नाही असं दोघांचंही ठरलं.

आजच एकेचाळीस फुटांवर पाणी लागलं. बेबीताईंनी विचारलं, "आयकू येते काय झरा?" कशी कुणास ठाऊक, ती बातमी तिथेही पोचली आहे. मी म्हटलं, "दिसते, ताई. आजकाल मी पाहतो."

५ मार्च, बुधवार. अकोला.

मैनाबरोबर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी पुष्कळ वेळ बटण न दाबता बसलो होतो. बाहेर मैना काचेतून माझ्या बोटाकडे पाहत होती. दगडाची परीक्षा घ्यायची सवय असलेल्या माणसाला स्वतःची परीक्षा जड जाते.

यंत्र पंधरा दिवसांनी मिळेल.

२१ मार्च, शुक्रवार. अकोला.

यंत्र आलं. सकाळी अंगणात बसलो होतो. चिमण्या एवढ्या भांडखोर असतात हे मी विसरलोच होतो. कुकरची शिटी झाली तर दचकून उभा राहिलो. मैना तोंडाला पदर लावून हसली. ते हसूही ऐकू आलं. जरा फाटकं आहे, पूर्वी असं नव्हतं. आमच्या संसाराची पस्तीस वर्षं कुठे गेली ते तिथे कळलं.

दुपारी मॅडमचा फोन आला, आणि तो मी घेतला. नागपूरच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. तोच आहे. त्यांच्या माहितीत या पट्ट्यातला पहिला. कॉलेजच्या कपाटात तुकडा ठेवला, कुंकू त्यांनी स्वतः पुसलं, थोडं राहू दिलं. खालच्या चिठ्ठीत काय लिहू असं विचारलं.

मी म्हटलं, "बेबीताईंची विहीर, सदतीस फूट. उत्तरेची भिंत. वामनरावांनी ठोकून शोधली. एवढं."

"आणि ॲसिडची नोंद? वहीत तुम्ही काय लिहिलंय?"

फोन ठेवून वही उघडली. पुढून. पाचव्या रकान्यात माझ्या अक्षरात "मुका" तसंच होतं. त्यावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. वजनापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं.

मैनाला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. तिला रकाना दाखवला आणि तिच्यासमोर लिहिलं :

ॲसिड : बोलका. मोहरीसारखा चुरचुरतो. ऐकणारी : मैनाबाई.